अठ्ठेचाळीस, साठ, पंच्याहत्तर : जुन्या जीपची अश्वशक्ती

हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत हिंगोलीत होती आणि त्या फौजेत घोडदळाच्या पलटणी होत्या. छावणी उठली, पागा गेल्या. उरले ते 'अश्वशक्ती' या शब्दातले घोडे. आज कुणाच्या दारात घोडा असो वा नसो, घोड्यांचा हिशेब मात्र घरोघर चालतो. विहिरीवरची मोटार पाच एचपीची घ्यावी की साडेसातची, ट्रॅक्टर पस्तीसचा बरा की पन्नासचा, हळद पॉलिश करायचा ड्रम किती एचपीवर फिरेल, हे प्रश्न वसमतपासून सेनगावपर्यंत कुठल्याही पारावर ऐकू येतात.

त्यातच एक प्रश्न अलीकडे पुन्हा पुन्हा विचारला जातो. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली, बरीच वर्षे गोठ्याशेजारी उभी असलेली जीप मुलाला किंवा नातवाला रस्त्यावर आणायची असते. गॅरेजमध्ये गेल्यावर त्याचे पहिले वाक्य असते, "मिस्त्री, हिची एचपी वाढवा." अमेरिकेत १९६०-७०च्या दशकांतल्या 'मसल कार' नावाच्या दांडग्या मोटारींचे मालक हाच प्रश्न विचारतात. आपल्याकडे त्या मोटारी नाहीत; आपली जुनी, दणकट आणि जिवाला लावून घेतलेली गाडी म्हणजे जीप. गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर जीपच्याच इतिहासात आहे. तिच्या एकाच मापाच्या इंजिनातून कारखान्याने दोनदा अश्वशक्ती वाढवून घेतली, दोन्ही वेळा निराळ्या उपायाने. आणि भारतात आल्यावर लोकांनी तीच अश्वशक्ती समजून-उमजून कमी करून घेतली. या तिन्ही निर्णयांमागची कारणे कळली, की आपल्या दारातल्या गाडीचे काय करायचे ते ठरवता येते.

एक घोडा म्हणजे किती?

अश्वशक्ती हे माप जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केले. वाफेचे यंत्र विकताना, ते किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकाला सांगावे लागे. मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, असे त्याने धरले. मेट्रिक मापात सांगायचे तर ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणे. आपल्या जुन्या विहिरीच्या भाषेत, दीडशे लिटर पाण्याने भरलेली मोट सेकंदाला अर्धा मीटर वर येत असेल, तर तिथे एक अश्वशक्ती खर्ची पडते. चांगली बैलजोडी सलग काम करताना साधारण एवढे किंवा याहून थोडे कमी देते.

या व्याख्येत दोन गोष्टी आहेत : ओढ किती आणि ती किती वेगाने. इंजिनात ओढीच्या जागी टॉर्क असतो, म्हणजे फिरत्या दांड्याला बसणारा पीळ; आणि वेगाच्या जागी मिनिटाचे फेरे. किलोग्रॅम-मीटरमधला पीळ मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचा आणि ७१६ने भागायचे, की अश्वशक्ती मिळते.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे इंजिन २२०० घनसेंटिमीटरचे, म्हणजे २.२ लिटरचे. मिनिटाला २००० फेऱ्यांवर त्याचा पीळ सर्वांत जास्त, सुमारे १४.५ किलोग्रॅम-मीटर. सूत्रात घातले तर तिथे सुमारे ४० अश्वशक्ती मिळते. ४००० फेऱ्यांवर अश्वशक्ती ६० होते, पण पीळ उतरून पावणेअकरापर्यंत येतो. पीळ चौथ्या हिश्श्याने घटला, तरी फेरे दुप्पट झाल्याने अश्वशक्ती दीडपट झाली. म्हणून नुसता 'साठ' हा आकडा अपुरा आहे. किती फेऱ्यांवर साठ, हे विचारलेच पाहिजे.

इंजिन म्हणजे भाता

लोहाराचा भाता पाहिलेल्याला इंजिन समजायला वेळ लागत नाही. कोळसे कितीही टाकले तरी वारा मिळाल्याशिवाय आगटी पेटत नाही. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या पावणेपंधरा पट हवा लागते. २.२ लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर श्वास घेते. म्हणजे ४००० फेऱ्यांवर मिनिटाला ४४०० लिटर हवा आत जायला हवी. प्रत्यक्षात वाटेतल्या अडथळ्यांमुळे तेवढी जात नाही, आणि जेवढी कमी जाते तेवढी अश्वशक्ती कमी होते.

हवा लिटरमध्ये मोजली तरी ज्वलनाला उपयोगी पडते ते तिचे वजन. हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवेचा दाब इथे पाचेक टक्क्यांनी कमी. मे महिन्याच्या दुपारी पारा ४३ अंशांवर गेला की १५ अंशांच्या हवेपेक्षा ती आणखी नऊ टक्के विरळ होते. दोन्ही मिळून ढोबळ हिशेबाने सातवा हिस्सा गेला. कागदावरची साठ अश्वशक्ती उन्हाळ्याच्या भर दुपारी ५२च्या आसपास उरते. "उन्हाळ्यात गाडी ओढत नाही" या तक्रारीत बिघाड असतोच असे नाही. बऱ्याचदा तो नुसता हवेचा परिणाम असतो.

तेव्हा अश्वशक्ती वाढवण्याचे मूळ मार्ग चारच. भाता मोठा करायचा, म्हणजे सिलिंडरचे आकारमान वाढवायचे. भाता भरभर हलवायचा, म्हणजे फेरे वाढवायचे. भात्याचे तोंड मोकळे करायचे, म्हणजे हवेची वाट सुधारायची किंवा टर्बोसारख्या यंत्राने हवा आत कोंबायची. आणि आत गेलेल्या हवेतून अधिक काम काढायचे, म्हणजे दाबाचे प्रमाण, अर्थात कॉम्प्रेशन रेशो, वाढवायचे. बाजारात मिळणारा कुठलाही उपाय या चारांपैकी एकात बसतो. बसत नसेल, तर तो विकत घेऊ नये.

अठ्ठेचाळीसचे साठ

या मापाचे इंजिन विलीज कंपनीच्या १९३०च्या दशकातल्या छोट्या मोटारीत ३२०० फेऱ्यांवर ४८ अश्वशक्ती देत असे. त्याहून जोरात पळवले तर ते टिकत नसे. डेल्मर रूस हे अभियंते १९३८ साली कंपनीत आले. नवे इंजिन करायला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी जुनेच सुधारायला घेतले. सिलिंडरचे माप तसेच ठेवून ॲल्युमिनियमचे हलके पिस्टन, अधिक मजबूत धातूचे भाग आणि काटेकोर फिटिंग यांवर त्यांनी भर दिला. निष्पन्न झाले ४००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ती. हेच युद्धातल्या जीपचे इंजिन.

हिशेब करून पाहावा. ४८ला ४०००ने गुणून ३२००ने भागले, की बरोबर ६० येतात. याचा अर्थ कमाल अश्वशक्तीच्या जागी पीळ होता तेवढाच राहिला. वाढले ते फेरे. भाता तेवढाच, पण हात भरभर चालू लागला. मात्र फेरे सव्वापट झाले की वरखाली होणाऱ्या पिस्टनचे हिसके सव्वाच्या वर्गाने, म्हणजे दीडपटीहून थोडे अधिक वाढतात. ते सोसण्याची ताकद आधी आणली, म्हणून अश्वशक्ती पदरात पडली. आधी मजबुती, मग वेग, असा हा क्रम आहे. आजही पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग यांची स्थिती न पाहता जुने इंजिन अधिक फेऱ्यांना पळवणे म्हणजे हा क्रम उलटा करणे. या इंजिनाचा क्रँक केवळ तीन मुख्य बेअरिंगांवर टेकलेला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

साठचे पंच्याहत्तर

दुसरी वाढ निराळ्या वाटेने झाली. जुन्या इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच होते. हवा बाजूच्या कप्प्यातून वर येई आणि वळण घेऊन सिलिंडरमध्ये उतरे. अशा इंजिनात हेड घासून दाब वाढवायला गेले, की तो कप्पा उथळ होतो आणि हवेची वाटच अरुंद होते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाते.

१९५०च्या सुमारास विलीजने यावर तोडगा काढला. हवा घेणारा व्हॉल्व हेडमध्ये, सिलिंडरच्या माथ्यावर नेला आणि मोठा केला. धूर सोडणारा खालीच ठेवला. आकारमान तेच राहिले. दाबाचे प्रमाण ६.४८वरून ६.९ झाले, काही इंजिनांत ७.४. अश्वशक्ती ४००० फेऱ्यांवर ७५पर्यंत गेली. इंजिनाची उंची मात्र वाढली आणि ते झाकायला बॉनेट वर उचलावे लागले. उंच कपाळाची सीजे-३बी जीप जन्मली ती अशी. १९४७पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी करणाऱ्या महिंद्रने पुढे हेच मॉडेल भारतात बनवले आणि आपल्या डोळ्यांना जीप म्हणून तेच ओळखीचे झाले.

या पंधरा वाढीव अश्वशक्तींचा उपयोग कुठे होतो, हे आता पाहू. २००० फेऱ्यांवर नव्या इंजिनाचा पीळ १५.८ किलोग्रॅम-मीटर, जुन्याचा १४.५, म्हणजे तिथे जेमतेम साडेतीन अश्वशक्ती जास्त मिळाली. सीजे-३बीचे डिफरन्शियल आणि मूळ मापाचे टायर धरले, तर टॉप गिअरमध्ये २००० फेरे म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर आणि ४००० फेरे म्हणजे ताशी सुमारे १००. पुरते पंधरा घोडे पदरात पडतात ते ताशी शंभरला. जिथे जीप खरोखर चालते, तिथे साडेतीन. हवेची वाट मोकळी करण्याचा लाभ वरच्या फेऱ्यांत जास्त होतो, कारण इंजिनाला धाप तिथेच लागते. चकचकीत एअर फिल्टर किंवा जाड सायलेन्सर बसवून गावातल्या गावात फरक का जाणवत नाही, याचे कारण हे.

आकड्याचा भुलावा

अमेरिकन मसल कारची रीत याहून सोपी होती. १९६४ची पाँटिॲक जीटीओ ही त्या परंपरेची आद्य गाडी मानतात. मध्यम आकाराच्या मोटारीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले होते आणि जाहीर आकडा होता ३२५ अश्वशक्तींचा. म्हणजे भाताच मोठा.

पण त्या काळचे आकडे कसे मोजत, तेही पाहावे. इंजिन गाडीतून काढून टेबलावर ठेवत. पंखा, एअर क्लीनर आणि सायलेन्सर यांचे ओझे त्याच्यावर नसे. १९७२पासून अमेरिकेत ही सगळी सामग्री जोडून मोजलेला 'नेट' आकडा देण्याची पद्धत आली. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाचा आकडा १९७१मध्ये ३३० होता, १९७२मध्ये २५५ झाला. इंजिन एकाएकी एवढे अशक्त झाले नव्हते. मुख्यतः फूटपट्टी बदलली होती. आपल्या जीपचे ६० आणि ७५ हे आकडेही त्या जुन्याच काळातले आहेत. आजच्या मोटारीच्या आकड्याशेजारी ते ठेवून हळहळण्यात अर्थ नाही.

गेलेले परत आणणे

जुन्या गाडीच्या बाबतीत 'वाढवणे' या शब्दाआधी 'गेलेले परत आणणे' येते. पहिले काम कॉम्प्रेशन तपासण्याचे. चारही सिलिंडरांत दाब सारखा आहे का, हे साध्या गेजने कळते. एखाद्यात कमी असेल तर रिंगा, व्हॉल्व किंवा हेड गॅसकेट यांतले काही गेलेले असते. मग टॅपेटचे अंतर, इग्निशनचे टायमिंग, प्लग, कार्ब्युरेटर आणि कुजट भरलेला एअर क्लीनर. शेवटी क्लच घसरतो का आणि ब्रेक चाकाला धरून बसला आहे का. चाकाला धरून बसलेला ब्रेक अश्वशक्ती खातो आणि दोष इंजिनाच्या माथी येतो. नव्याने काही न बसवता गाडीचा जीव परत येतो, तो या कामांतून.

यानंतर लोक बोअर वाढवण्याकडे वळतात. जीपचा बोअर सव्वातीन इंचांहून थोडा कमी, ३.१२५ इंच आहे. तो इंचाच्या साठ सहस्रांशाने वाढवला तर आकारमान चार टक्क्यांहून थोडे कमी वाढते, साठचे बासष्ट. म्हणून लेथवर नेऊन सिलिंडर बोअर करणे हा झिजेवरचा उपाय समजावा, शक्तीवरचा नव्हे. तीन-चार टक्क्यांच्या वाढीसाठी ब्लॉकच्या भिंती पातळ करण्यात शहाणपण नाही.

डिझेल गाडीत सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे पंपाची सेटिंग वाढवणे. डिझेल जास्त, हवा तेवढीच. थोड्या मर्यादेपर्यंत ओढ वाढते, पुढे नुसता काळा धूर. तो धूर म्हणजे न जळलेले पैसे. शिवाय इंजिन तापते ते वेगळेच.

एकही अश्वशक्ती न वाढवता ओढ वाढवण्याचा मार्ग गिअरांतून जातो. युद्धातल्या जीपचे डिफरन्शियल ४.८८चे होते, सीजे-३बीचे ५.३८चे. एवढ्या फरकाने चाकावरची ओढ दहा टक्के वाढते. बदल्यात वरचा वेग तेवढा उतरतो. लो रेंज आणि पहिला गिअर लावला तर इंजिनाचा पीळ चाकापर्यंत सुमारे ३७ पट होऊन पोचतो. पावसाळ्यात काळ्या रानातून बाहेर काढणारी शक्ती ही, बॉनेटखालची नव्हे.

मराठवाड्याने कमी का पसंत केले?

१९६३मध्ये महिंद्रच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली आणि पस्तीस अश्वशक्तीच्या वर्गातला बी-२७५ ट्रॅक्टर शेतात आला. त्याचे सुमारे २३५० घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन पुढे जीपमध्येही बसवले गेले. पेट्रोल जीपच्या ७५पेक्षा त्याची अश्वशक्ती बरीच कमी. १९८५च्या एमएम-५४०मध्ये प्युजोच्या आराखड्याचे २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल आले, तेही ६२चेच. तरी लोकांनी डिझेलच घेतले. एवढेच नव्हे, चांगल्या पेट्रोल जीपमधले इंजिन उतरवून त्या जागी डिझेल बसवण्याचा धंदा गावोगाव चालला.

यात अडाणीपणा नव्हता. डिझेल स्वस्त होते आणि तेवढ्याच कामाला कमी लागे. कमी फेऱ्यांवर ते इंजिन नेटाने ओढी. काळी-पिवळीत माणसे दाटून भरली किंवा मागे पोती टाकली तरी गिअर सारखा खाली आणावा लागत नसे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला ते उघडता येई, सुटा भाग तालुक्याच्या बाजारात मिळे. ताशी शंभरला लागणारे घोडे या रस्त्यांवर रिकामे उभे राहिले असते. लोकांनी ते विकून रोजच्या कामाची ओढ घेतली.

पुढे त्या इंजिनाचा बोअर वाढून २५२३ घनसेंटिमीटरचे भावंड आले. स्ट्रोक तोच, आकारमान साडेसात टक्के जास्त. याच आकारमानाचे टर्बो डिझेल नंतर बोलेरोत दिसले. टर्बोत बाहेर जाणारा धूरच भात्याचा दांडा हलवतो. पण त्यासाठी पिस्टन, तेलपुरवठा आणि रेडिएटर कारखान्यातच ठरवलेले असतात. जुन्या इंजिनाला वरून टर्बो जोडणे ही निराळी गोष्ट.

आता कायदा

हा निर्णय आज नुसता यांत्रिक राहिलेला नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या ५२व्या कलमानुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही; इंधन बदलण्याच्या किटसारखे अपवाद आहेत, तेही अटींवर. २०१९च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तेव्हा इंजिनाला हात लावण्याआधी एमएच-३८च्या परिवहन कार्यालयात विचारणा करणे, हे मिस्त्रीकडे जाण्याच्याही आधीचे काम आहे.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नवे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हीए' या वेगळ्या मालिकेत नोंदवता येते; शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल अशा कामांपुरतीच परवानगी. म्हणजे आजोबांच्या मूळ पेट्रोल इंजिनाच्या जीपमध्ये आज दुसरे इंजिन बसवले, तर दहा-वीस घोडे मिळतील, पण तिचा हा मान जाईल, आणि भंगारात गेलेले मूळ इंजिन परत आणता येणार नाही.

इंजिन मूळचे ठेवायचे तर इंधनाचा विचार हवा. शिसे असलेले पेट्रोल २०००पासून बंद झाले. जुन्या धूर-व्हॉल्वच्या बैठकींना त्या शिशाचे संरक्षण असे, म्हणून हेड-व्हॉल्वचे काम काढताना कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी आणि जुन्या रबराशी त्याचे जमत नाही. नळ्या आणि पंपाचा पडदा बदलणे, जेट तपासणे, ही कामे नव्या कार्ब्युरेटरच्या आधीची.

आणि वेग वाढवायचाच असेल तर ब्रेकचा हिशेब आधी मांडावा. ताशी ६०वरून ८०वर गेले की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पट होते. जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. वाढवलेल्या घोड्यांचा लगाम तेच.

तेव्हा मिस्त्रीपुढे उभे राहताना पहिला प्रश्न कामाचा असावा. गाडी शेतात ओढायला हवी असेल, तर गिअर, टायर आणि नीट जुळवलेले इंजिन पुरेसे आहे. रोज महामार्गावर पळवायची असेल, तर दुसरी गाडी घेणे स्वस्त आणि सुरक्षित. आणि खंडेनवमीला हार घालून पूजा करायची, वर्षातून चार वेळा बाहेर काढायची असेल, तर कारखान्याने दिलेले साठ किंवा पंच्याहत्तर घोडे सगळेच्या सगळे परत आणावेत, एकही जास्त मागू नये. अठ्ठेचाळीसचे पंच्याहत्तर करायला जाणत्या अभियंत्यांना एक तप लागले होते, तेही कारखाना हाताशी असताना.